मिअर म्हणजे मला

पुण्यातला जर्मनचा वर्ग. फळ्यावर माणसाची आकृती, डोक्यापासून घोट्यापर्यंत बाण काढलेले. समोर बसलेल्या बऱ्याच जणी परिचारिका आहेत. जर्मनीत हे काम करायचं तर सहसा बी२ पातळीपर्यंत, म्हणजे सहा पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीपर्यंत, भाषा यावी लागते. आजचा धडा दुखण्यांचा.

सुरुवात सोपी आहे. कोप्फ म्हणजे डोकं, श्मेर्त्सेन म्हणजे वेदना. कोप्फश्मेर्त्सेन, डोकेदुखी. पोटाला बाउख, पाठीला र्‍युकेन, दाताला त्सान. आपण पोटदुखी, दातदुखी म्हणतो तसेच शब्द जोडायचे.

गाडी अडते ती थंडी आणि चक्कर यांच्यापाशी. इंग्रजीच्या वळणाने जाणारा म्हणतो, 'इश बिन काल्ट'. जर्मन माणसाला ते 'मी थंड काळजाचा आहे' असं ऐकू येतं. म्हणायचं असतं, 'मिअर इस्ट काल्ट'. मिअर म्हणजे मला. मला थंडी वाजतेय. मिअर इस्ट श्विंडलिश, मला चक्कर येतेय. मिअर इस्ट यूबेल, मला मळमळतंय. ही 'मला'ची वाट मराठी माणसाच्या पायाखालची आहे. हा धडा मराठीतूनच शिकवावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पुढचे शब्द मात्र ऐकूनच कळतात. बादली उचलताना कमरेत उसण भरते, ती 'हेक्सेनशुस'. हेक्से म्हणजे चेटकीण. ती तीर मारते, अशी जुनी समजूत. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, तो 'मुस्केलकाटर'. आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली की लोक म्हणतात, 'इश हाबं क्राइसलाउफ'. शब्दशः, 'मला रक्ताभिसरण आहे'. नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला हे आधीच कुणीतरी सांगायला हवं.

दवाखाने बंद असताना जर्मनीत ११६११७ या क्रमांकावर वैद्यकीय मदत मिळते. जिवावर बेतलं तर ११२. फोनवर बोलताना दुखतं तिथे हात ठेवून दाखवता येत नाही.

म्हणून सरावाला दोघी पाठीला पाठ लावून बसतात.

'वो टूट एस वे?' कुठं दुखतंय?

'इम र्‍युकेन.' पाठीत.

'श्टेखेंड ओडर ड्रुकेंड?' टोचतंय, की दाबल्यासारखं होतंय?

ती डोळे मिटते, पाठीवरून हात फिरवते, आणि शब्द शोधते.