आकाशाचं वेळापत्रक आणि सभासदांचं

मंडळी, इथे बसलेले बहुतेक जण आपापल्या गावात, तालुक्यात आकाशनिरीक्षणाचं मंडळ चालवतात. त्यामुळे कोणती दुर्बीण घ्यावी, कोणता तारा कुठे दिसतो, हे मी सांगत बसणार नाही. मला बोलायचं आहे ते सभासदांबद्दल. वर्गणी भरून आलेला माणूस दुसऱ्या वर्षी वर्गणी भरतो की नाही, हे आपण त्याला काय दाखवलं यापेक्षा त्याच्यावर काय सोपवलं यावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे. आणि सोपवायचं काम वर्षाचे कार्यक्रम आखतानाच करावं लागतं. ऐन वेळी मैदानावर, अंधारात ते होत नाही.

मोठ्या घटनांच्या भरवशावर मंडळ चालत नाही. हॅलेचा धूमकेतू 1986 साली येऊन गेला, आता तो 2061 साली येईल. शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्राने सूर्यबिंबावरून सरकत जाणं, 2004 आणि 2012 साली झालं, पुढचं 2117 साली. अशा वेळी गर्दी होते, पेपरात फोटो येतो, महिन्याभरात सगळं ओसरतं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 सालापासून चालू आहे. इतकी वर्षं कुठलीच संस्था एखाद्या धूमकेतूवर जगू शकत नाही. दर महिन्याला काहीतरी घडावं लागतं, आणि ते घडवणारी माणसं दर वेळी तीच ती असून चालत नाही.

आता तारखा. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश जवळजवळ बंद असतं. ऑगस्टमधल्या ययाती (पर्सिअस) तारकासमूहातल्या उल्कावर्षावाचं कौतुक युरोप-अमेरिकेत कितीही असो, आपण त्याची जाहिरात करू नये. ढगांखाली बसवलेला नवा माणूस पुन्हा येत नाही. आपला हक्काचा उल्कावर्षाव 13-14 डिसेंबरचा, मिथुनेतला. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, आणि रात्री नऊनंतर मिथुन रास चांगली वर आलेली असते. घरी लहान मुलं असलेल्या सभासदांना पहाटेपर्यंत थांबावं लागत नाही.

अमावास्येच्या जवळचा शनिवार धरायचा, ही रीत सगळीकडे आहे आणि ती बरोबरच आहे. पण ती जुन्या, सरावलेल्या सभासदांसाठी. नवख्यांसाठी आणि गावासाठी जाहीर कार्यक्रम करायचा असेल तर शुद्ध पंचमी ते अष्टमीच्या दरम्यानची संध्याकाळ निवडा. चंद्र दिवेलागणीलाच वर असतो, रस्त्यावरच्या दिव्यांचा त्याला त्रास नाही, आणि अर्ध्या चंद्राच्या कडेला विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. तेच विवर पौर्णिमेला सपाट दिसतं, कारण सावल्याच उरत नाहीत. म्हणून कोजागरीला दुर्बीण घरी राहू द्या. मसाला दूध करा, सभासदांची कुटुंबं बोलवा, पुढच्या हंगामाची कामं त्याच रात्री वाटून घ्या.

कामं कोणती, हे जरा तपशिलात सांगतो. समजा साठ माणसं आली आणि दुर्बीण एकच आहे. प्रत्येकाला एक मिनिट दिलं तरी एका शनीला एक तास लागतो. त्या तासात एकोणसाठ जण रांगेत उभे असतात, गप्पा मारतात, मोबाइल उघडतात. आणि मोबाइल उघडला की आजूबाजूच्या सगळ्यांचेच डोळे दिपतात. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, ती एका पडद्याच्या उजेडात वाया जातात. म्हणून रांग हा कार्यक्रम नव्हे. दुर्बिणीपाशी दोघं हवेत. दुर्बिणीतून खूप मोठं करून बघितलं की ग्रह मिनिट-दोन मिनिटांत नजरेच्या बाहेर सरकतो, तो पुन्हा मध्यावर आणायला एक, आणि येणाऱ्याला काय बघायचं ते सांगायला एक. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नुसत्या डोळ्यांची नक्षत्रओळख. हिवाळ्यात मृगापासून सुरुवात करून व्याध, रोहिणी, कृत्तिका असं फिरायचं, दक्षिणेला खाली अगस्त्य दाखवायचा. तिसरीकडे साधी द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर. चौथा माणूस फाटकाशी उभा राहून सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या बॅटरीला लाल जिलेटिन कागद रबरबँडने लावून देतो. हे काम शाळेतली मुलगी सुद्धा करू शकते, आणि ते तिच्याकडेच द्या. पुढच्या महिन्यात ती कागद घेऊन स्वतःहून येते की नाही बघा.

जागेबद्दल एकच सांगतो. आकाश कितीही काळं असलं तरी जिथे महिलांसाठी स्वच्छतागृह नाही ती जागा यादीतून काढून टाका. गावाबाहेरची शाळा सगळ्यात चांगली. वर्गखोल्या मिळतात, पाणी असतं, मुख्याध्यापक आणि सरपंच दोघांना आधी भेटलं की रात्री कुणी चौकशीला येत नाही.

आता मे महिना. परीक्षा संपलेल्या, शाळा बंद, अर्धे सभासद गावाला. बरीच मंडळं मे महिना कोरा ठेवतात. माझ्या मते वर्षातला सर्वात चांगला कार्यक्रम याच महिन्यात आहे, तो म्हणजे शून्य सावलीचा दिवस. सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्या प्रत्येक गावी सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. दुसरी खेप पावसाळ्यात येते आणि ढगात जाते, पहिली मात्र मे महिन्यातल्या कडक उन्हात. कोल्हापूरला साधारण 6 तारखेला, पुण्याला 13-14, मुंबईला 15-16, नाशिकला 20 आणि नागपूरला 26 च्या सुमारास. वेळही ठिकाणानुसार वेगळी. पुण्यात साडेबाराच्या आसपास, नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. गावाला गेलेला सभासद तिथेच हे बघू शकतो, त्याला परत यायची गरज नाही. उलट तो गावाला आहे म्हणूनच कार्यक्रमाला मजा येते.

एक सरळ काठी, ओळंबा आणि मोजपट्टी, एवढंच सामान लागतं. 6 मे रोजी कोल्हापुरातला सभासद उभ्या काठीची सावली पायाशी गडप होताना बघतो. त्याच वेळी नाशिकचा सभासद एक मीटरच्या काठीची सावली मोजतो, ती साधारण पावणेसहा सेंटिमीटर भरते, उत्तरेकडे पडलेली. त्यावरून सूर्य डोक्यावरून किती कललेला आहे तो कोन निघतो, सव्वातीन अंशांच्या थोडा वर. कोल्हापूर आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत आणि त्यांच्यातलं सरळ अंतर सुमारे 365 किलोमीटर. सव्वातीन अंशांना एवढं अंतर, तर 360 अंशांना किती? त्रैराशिक मांडलं की उत्तर 40 हजार किलोमीटरच्या जवळ येतं. पृथ्वीचा परीघ! एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये वापरलेली हीच पद्धत आपला सभासद मामाच्या अंगणात वापरतो. ज्याने स्वतःच्या मोजपट्टीने पृथ्वी मोजली तो मंडळ सोडून जाईल, असं मला वाटत नाही. सगळ्यांची मोजमापं ग्रुपवर मागवा, चुकलेलीही मागवा. काठी तिरकी होती की घड्याळ पुढे होतं, यावर जूनमधली एक सभा सहज रंगते.

पावसाळ्यात मंडळाच्या नव्या दुर्बिणीचा आरसा घासायला घ्या. सहा इंची आरसा कार्बोरंडमने, म्हणजे घासायच्या कठीण पुडीने, हाताने घासायला आठवडेच्या आठवडे लागतात आणि त्याला आकाश लागत नाही, छप्पर लागतं. पाळ्या लावा. ऑक्टोबरमध्ये त्या आरशातून पहिला तारा दिसेल तेव्हा डझनभर माणसं त्या दुर्बिणीला आपली म्हणतील.

शेवटी ढगांचं. हिवाळ्यातही अवकाळी येतो. कार्यक्रम रद्द करायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा, निर्णय शनिवारी दुपारी दोनपर्यंत घ्या, आणि निरोप द्यायची साखळी आधी लिहून ठेवा: एकाने पाच जणांना फोन करायचा, त्या पाचांनी पुढच्या पाचांना. नुसत्या ग्रुपवरच्या मेसेजवर विसंबू नका, वयस्कर सभासद तो वाचत नाहीत आणि एसटीने निघून मोकळ्या शाळेपाशी येऊन उभे राहतात. साखळीतला पहिला माणूस दर दोन महिन्यांनी बदला, आणि त्या जागी या वर्षी नव्याने वर्गणी भरलेल्याचं नाव घाला.