वर्ष न कोरलेली पाटी

नमस्कार मंडळी.

समोर आज दोन तऱ्हेचे श्रोते दिसताहेत. काहींची मुलं कॉलेज स्टेशनला, म्हणजे टेक्सास ए अँड एम विद्यापीठात, शिकतात, आणि हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्या घरचा शनिवार मॅच किती वाजता आहे त्यावर ठरतो. आणि काही आई-बाबा पुण्या-नाशिकहून उन्हाळ्यापुरते इथे आलेत. त्यांना मघाशी चहाच्या वेळी मी सांगितलं की एका सरकारी विद्यापीठाने खेळाच्या मास्तरला वर्षाला ९० लाख डॉलरहून जास्त पगार कबूल केला होता, तर त्यांना वाटलं मी एक शून्य जास्त बोललो. नाही बोललो.

एका पाटीपासून सुरुवात करतो. डिसेंबर २०१७ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिंबो फिशर यांना फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक नेमलं. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हाताने चेंडू फेकायचा तो. फिशर यांनी फ्लोरिडा स्टेटला २०१३ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. ए अँड एमकडे तसं विजेतेपद १९३९ नंतर आलेलं नाही. म्हणून त्यांना दहा वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा करार दिला, आणि तो पूर्ण हमीचा होता. ते आल्यावर चान्सलर जॉन शार्प यांनी त्यांना एक पाटी भेट दिली. राष्ट्रीय विजेतेपदाची पाटी. सगळं कोरून तयार, फक्त वर्षाचे शेवटचे दोन आकडे मोकळे सोडलेले. ते कोचने भरायचे.

मला त्या पाटीत या सगळ्या प्रकरणाचं मूळ दिसतं. फळ हातात येण्याआधी नैवेद्य दाखवून झाला होता.

मी सांगलीहून १९९८ साली तिथे स्थापत्य अभियांत्रिकीत एम.एस. करायला गेलो. तेव्हा कोच होते आर. सी. स्लोकम. त्या डिसेंबरात सेंट लुईसला आमच्या संघाने कॅन्सस स्टेटला दोन जादा डावांनंतर ३६-३३ हरवून बिग ट्वेल्व्हचं, म्हणजे आमच्या साखळी गटाचं, विजेतेपद घेतलं. मला खेळाचे नियम धड कळत नव्हते, तरी आम्ही सातजण एका जुन्या टीव्हीसमोर ओरडत होतो. स्लोकम १४ हंगाम कोच होते, १२३ सामने जिंकले. त्या विद्यापीठात इतके सामने दुसऱ्या कुणीही जिंकलेले नाहीत. जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त, असा एकही हंगाम त्यांच्या खाती नाही. २००२ साली संघ ६-६ वर, म्हणजे सहा जिंकून सहा हरून, थांबला आणि त्यांना काढलं. त्यानंतर फ्रँचिओनी आले, शर्मन आले, समलिन आले, गेले. सगळ्यांकडून अपेक्षा एकच, त्या मोकळ्या आकड्यांची.

आता मुदतवाढीकडे येतो. २०२० चा हंगाम महामारीचा. ए अँड एम ९-१. एकच पराभव, तो अलाबामाकडून. ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाला ४१-२७ हरवलं आणि वर्षअखेर देशात चौथा क्रमांक लागला. हे यश खरं होतं, ते कमी लेखणं अन्यायाचं होईल. पण सप्टेंबर २०२१ मध्ये विद्यापीठाने फिशर यांचा करार २०३१ पर्यंत वाढवला तेव्हा परिस्थिती काय होती बघा. आधीच्या करारातली सहाहून अधिक वर्षं शिल्लक होती. मुदत संपत आली असती तर वाढवायची गोष्ट समजू शकते. इथे घरात सहा वर्षांचं धान्य भरलेलं असताना आणखी चार वर्षांचं उधारीवर आणलं. एकूण आकडा साडेनऊ कोटी डॉलरच्या घरात, आणि हमी पुन्हा पूर्ण.

असं का करतात? मी अनेक वर्षं हे बारकाईने वाचत आलोय, आणि माझं मत असं झालंय की मुदतवाढ बहुतेक वेळा गुणाला मिळत नाही, भीतीला मिळते. पहिली भीती, दुसरं कुणीतरी उचलून नेईल. दुसरी भीती भरतीची. बारावीतला मुलगा चार वर्षांसाठी शब्द देतो. कोचच्या करारात दोनच वर्षं उरली असतील तर प्रतिस्पर्धी संघाचा माणूस त्या मुलाच्या घरी सोफ्यावर बसून सांगतो, 'तू तिसऱ्या वर्षात जाशील तेव्हा हे गृहस्थ तिथे नसतील.' हे खरोखर चालतं, आणि त्यासाठी करारात चार-पाच वर्षं कायम शिल्लक ठेवायची रीत पडली. एजंट लोक हे पुरतं ओळखून असतात. जिमी सेक्स्टन या एकाच एजंटकडे देशातले कितीतरी बडे कोच आहेत, फिशरसुद्धा. टेबलाच्या एका बाजूला रोज हेच काम करणारा माणूस. दुसऱ्या बाजूला पाच-सात वर्षांतून एकदा करार करणारा क्रीडा संचालक, त्याच्यामागे देणगीदार, आणि देणगीदारांच्या डोळ्यांसमोर ती पाटी.

पण भरतीचं हे कारण आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही, आणि यावर कुणी पुरेसं बोलत नाही असं मला वाटतं. एप्रिल २०२१ मध्ये नियम बदलला. खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली, पुढे ती आणखी सैल झाली. म्हणजे मुलगा वर्षभरात जाऊ शकतो, कोच जाऊ शकतो. बांधलेलं राहतं फक्त विद्यापीठ. नियम बदलल्यावर पाच महिन्यांतच ए अँड एमने दहा वर्षांची गाठ मारली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अलाबामाला ४१-३८ हरवलं, त्या रात्री माझ्याही घरी दिवाळी झाली. तो हंगाम तरी ८-४ वर संपला. २०२२ च्या भरतीत देशात पहिल्या क्रमांकाची मुलं आली, आणि त्याच वर्षी घरच्या मैदानावर अॅपलेशियन स्टेटकडून १७-१४ हरलो. हंगाम ५-७. आलेल्या मुलांपैकी बरीच निघून गेली. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी फिशर यांना काढलं. आदल्या दिवशीच संघाने मिसिसिपी स्टेटला ५१-१० हरवलं होतं. जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी!

देणं किती? सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर. साठ दिवसांच्या आत जवळजवळ १ कोटी ९० लाख, मग दरवर्षी ७२ लाखांच्या आसपास, २०३१ पर्यंत. माझा सगळ्यात जास्त राग आहे तो पुढच्या कलमावर. बहुतेक ठिकाणी असं असतं की काढलेल्या कोचला दुसरीकडे नोकरी लागली, की तिथला पगार आपल्या देण्यातून वजा होतो. फिशर यांच्या करारात ही वजावट नव्हती. ते उद्या दुसरा संघ घेवोत, ए अँड एमचा चेक पुरा जाणार.

फिशर यांना मी दोष देत नाही. समोरून मिळतंय ते नाकारायला त्यांनी का जावं? मला वाटतं, 'पात्र आहे का' या एका प्रश्नाच्या पोटात आपण दोन प्रश्न कोंबतो. एक, या माणसाने चांगलं काम केलंय का. दुसरा, उद्या काम बिघडलं तर तो भार कुणी उचलायचा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की दुसरा विचारायचाच राहून जातो. २०२१ मध्ये फिशर पगारवाढीला पात्र होते, असं मी आजही म्हणेन. त्या वर्षांना आणि त्या हमीला ते पात्र नव्हते. तसं कुणीच नसतं.

नोत्र दाम विद्यापीठात कोच चार्ली वाइस यांना २००५ साली पहिल्याच हंगामात, सात सामन्यांनंतर, दहा वर्षांचा नवा करार मिळाला. संघ तेव्हा ५-२ होता, आणि त्यातला एक पराभव बलाढ्य यूएससीकडून शेवटच्या क्षणी झालेला, ३४-३१. चुरशीने हरल्याचं कौतुक म्हणून दशकभराचा करार. २००९ मध्ये त्यांना काढलं आणि पैसे २०१५ पर्यंत जात राहिले, एकूण १ कोटी ९० लाख डॉलरच्या आसपास. मधल्या काळात ते कॅन्ससला कोच झाले, तिथूनही निघाले, आणि काही काळ दोन विद्यापीठं एकाच माणसाला न शिकवण्याचे पैसे देत होती.

याच्या अगदी उलट मिशिगन विद्यापीठ. २०२० मध्ये तिथले कोच जिम हार्बा यांचा संघ २-४. ओहायो स्टेटला त्यांनी एकदाही हरवलेलं नव्हतं. त्यांना काढा, असा गावभर ओरडा. जानेवारी २०२१ मध्ये विद्यापीठाने मुदतवाढ दिली, पण कशी? मूळ पगार ८० लाखांवरून ४० लाखांवर, जिंकलात तर बक्षीस, आणि काढायची वेळ आली तर द्यायची रक्कम लहान, दरवर्षी उतरणारी. हार्बा यांनी सही केली. त्या नोव्हेंबरात ओहायो स्टेटला ४२-२७ हरवलं. मिळणारं बक्षीस, महामारीत ज्यांचे पगार कापले गेले होते त्या क्रीडा विभागातल्या कर्मचाऱ्यांना देतो म्हणाले. २०२३ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद आलं. त्या हंगामात त्यांच्यावर दोनदा निलंबनाची पाळी आली, प्रतिस्पर्ध्यांचे इशारे चोरल्याचं प्रकरण गाजलं, आणि ते लपवून मला त्यांचा पोवाडा गायचा नाही. मी बोलतोय कराराबद्दल. त्या कागदावर दोघांनीही थोडं थोडं ओझं घेतलं होतं, म्हणून तो मला आजवरचा सगळ्यात शहाणा करार वाटतो.

आणि खेळणारी मुलं? जून २०२५ पर्यंत विद्यापीठ त्यांना थेट पगार देऊ शकत नव्हतं. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंच्या दाव्यातल्या तडजोडीला मंजुरी दिल्यावर २०२५-२६ साठी मर्यादा ठरली प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. सगळे खेळ, सगळी मुलंमुली मिळून. एका कोचने घरी बसावं म्हणून दिलेल्या पैशांत अशी साडेतीन वर्षं निघाली असती. गुडघे मुलांचे जातात, डोक्याला मार मुलांना लागतो.

ए अँड एमवरून कुणी शहाणं झालं का? शेजारच्या लुइझियानातच बघा. लुइझियाना स्टेट विद्यापीठाने, म्हणजे एलएसयूने, कोच ब्रायन केली यांना २०२१ च्या अखेरीस दहा वर्षांचा, साडेनऊ कोटींचा करार दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये काढलं, देणं सुमारे ५ कोटी ४० लाख. राज्यपाल जेफ लँड्री जाहीरपणे संतापले, आणि चार-पाच दिवसांत क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड यांनाही जावं लागलं. हेच वुडवर्ड २०१७ मध्ये ए अँड एमला होते, फिशर यांचा पहिला करार त्यांनीच केलेला.

मघाशी मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. मुलगा दुसऱ्या वर्षात आहे, विचारताहेत की आमची फी यात जाते का. विद्यापीठाने तेव्हा सांगितलं की पहिला मोठा हप्ता ट्वेल्थ मॅन फाउंडेशन या ए अँड एमच्या खेळांसाठी देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेच्या पैशांतून आणि पुढचे क्रीडा विभागाच्या उत्पन्नातून जातील. मी ते मान्य करतो. पण ताई, देणगी देणाऱ्याचा हात एकच असतो. तो पैसा इकडे वळला म्हणजे दुसरीकडे कुठेतरी कमी पडला.

दुसरी चिठ्ठी माइक एल्को यांच्याबद्दल आहे. एल्को आधी फिशर यांच्याच हाताखाली बचावाची बाजू सांभाळायचे, मग ड्यूक विद्यापीठाला मुख्य कोच झाले आणि फिशर यांच्या जागी ए अँड एमला परत आले. पहिला करार सहा वर्षांचा, वर्षाला ७० लाखांचा, जिंकाल तसा वाढणारा. २०२५ मध्ये संघ ११-१ झाला आणि पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत, गेला. तिथे मायामीकडून १०-३ हरला, ते सोडा. नोव्हेंबर २०२५ मध्ये, साउथ कॅरोलायनाविरुद्ध ३०-३ ने मागे पडून ३१-३० जिंकलो त्याच सुमारास, त्यांचा नवा करार झाला. वर्षाला १ कोटी १० लाखांहून अधिक, मुदत २०३१. म्हणजे २०३१ पर्यंत एक कोच शिकवण्याचे पैसे घेणार आणि दुसरा न शिकवण्याचे. एल्को पात्र आहेत का? पगाराला, हो. अजून मुदत शिल्लक असताना ती वाढवायला माझं मत आजही नाही.

शेवटची चिठ्ठी: तुमच्या हातात असतं तर २००२ मध्ये स्लोकमना मुदतवाढ दिली असती का?

दिली असती. तीन वर्षं, वजावटीच्या कलमासकट. आणि का, ते सांगतो. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी टेक्सासच्या मॅचआधी पेटवायला विद्यार्थ्यांनी रचलेला शेकोटीचा लाकडी डोंगर, ५९ फूट उंच, कोसळला. बारा जण गेले. मी दिवस उजाडल्यावर तिथे पोहोचलो. आत मुलं अडकलेली, यंत्र लावलं तर ओंडके आणखी घसरतील अशी धास्ती, म्हणून ते हातांनी हलवायचं ठरलं. तेव्हा फुटबॉलचा सगळा संघ आला. आठवड्यावर टेक्सासशी वर्षातली सगळ्यात मोठी मॅच होती. स्लोकमनी निवडलेली, त्यांनी वाढवलेली ती धिप्पाड मुलं, ओंडक्याला दोन्ही टोकांनी खांदा लावून, एकमेकांना हळू आवाजात सांगत होती, सावकाश, सावकाश, खाली कुणी असेल.