पाव मैल संपल्यावर

(दृश्य : ड्रॅग स्ट्रिपचं दुसरं टोक. प्रेक्षक नाहीत. लांबून इंजिनाचा आवाज जवळ येतोय.)

ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ पट्ट्यावर दोन गाड्यांची पाव मैलाची धाव. तिचं तिकीट काढणारा माणूस या टोकाला फिरकत नाही. त्याला धूर बघायचा असतो, हिरवा दिवा बघायचा असतो, हवेत उचललेली पुढची चाकं बघायची असतात. ते सगळं तिकडे, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर मागे. इथे गाडी पोचते तेव्हा शर्यत संपलेली असते. ताशी २०० किलोमीटरने धावणारं १४०० किलोचं लोखंड थांबवायचं, एवढंच काम उरलेलं असतं.

हे काम केवढं? त्या गाडीच्या वेगात साठलेल्या ऊर्जेवर नळाचं सहा लिटर पाणी उकळेल. ती सगळी उष्णता नऊ-दहा सेकंदांत ब्रेकच्या चार डिस्कमध्ये जिरवायची.

(दृश्य : गॅरेज. जॅकवर चढवलेली जुनी शेव्हरोले कमॅरो. कॅमेरा पुढच्या चाकावरून मागच्या चाकाकडे सरकतो.)

ही १९६९ची कमॅरो. अमेरिकेत शनिवार-रविवारी स्ट्रिपवर उतरणाऱ्या हौशी गाड्यांमधली ही नेहमीची मंडळी. पुढचं टायर बघा, जेमतेम चार-पाच इंच रुंद. मागचं चांगलं दहा इंच आणि नक्षीचा पत्ता नाही. आपल्याकडे अशा टायरला ‘गोटा झालाय’ म्हणून टाकून देतात. इथे गोटाच विकत आणतात. वजन मागे जावं म्हणून बॅटरीसुद्धा डिकीत नेलेली. इंजिन फिरवतं ती मागची चाकं, म्हणून गाडी सुटताना हे सगळं कामाला येतं. ब्रेक दाबला की हेच सगळं उलटतं.

कसं, ते आकड्यांत बघू. समजा उभ्या गाडीचं वजन पुढे ७०० आणि मागे ७०० किलो आहे. बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारला की दीडशे किलोंच्या आसपास भार मागच्या चाकांवरून पुढच्यांवर जातो. पुढे साडेआठशे, मागे साडेपाचशे. म्हणजे जिथे भार वाढला तिथे रबर चिंचोळं, आणि जिथे रबर भरपूर तिथला भारच निघून गेला. ब्रेकचा समतोल, म्हणजे पुढे किती ब्रेक आणि मागे किती, साधायचा तो या दोघांच्या मध्ये.

लहानपणी सायकल शिकवताना घरच्यांनी बजावलेलं असतं, ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील.’ ते डोक्यात इतकं पक्कं बसतं की मागचा ब्रेक सुरक्षित असं आपण धरून चालतो. पावसाळ्यात ज्याची स्कूटर मागच्या ब्रेकवर आडवी गेली आहे, त्याला विचारा. लॉक झालेलं चाक बाजूची पकड सोडतं. पुढची चाकं लॉक झाली तर स्टिअरिंग ऐकत नाही, पण गाडी सरळ जाते. मागची आधी लॉक झाली तर मागचा भाग पुढे यायला बघतो. ताशी दोनशेला ते कुणालाच सावरता येत नाही.

(दृश्य : स्टार्ट लाइन. पाण्यात फिरणारी मागची चाकं, धूर.)

मग मागचा ब्रेक कमी करून मोकळं का होत नाहीत? कारण स्टार्ट लाइन. इथे ब्रेकला आणखी दोन कामं आहेत. पहिलं बर्नआउटचं, म्हणजे गाडी जागेवर धरून मागची चाकं फिरवून तापवण्याचं. पुढच्या ब्रेकच्या नळीत विजेवर चालणारा एक व्हॉल्व्ह असतो, त्याला लाइन लॉक म्हणतात. पेडल दाबायचं, बटण दाबायचं, पेडल सोडायचं. दाब पुढच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या चिमट्यात, अडकून राहतो, मागची चाकं मोकळी फिरून तापतात. (पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला याची गरज नाही, हँडब्रेक ओढला की झालं.)

दुसरं काम अवघड. ऑटोमॅटिक गाडी पायाच्या ब्रेकवर धरून इंजिन चढवायचं आणि दिव्याची वाट बघायची. इंजिन फिरवू बघतं मागची चाकं, म्हणून खरा जोर मागच्या ब्रेकवर. तो अपुरा पडला तर गाडी लॉक झालेल्या पुढच्या चाकांना ढकलत निघते, स्टार्ट लाइनवरचा प्रकाशाचा किरण ओलांडते आणि लाल दिवा लागतो. शर्यत सुरू होण्याआधीच हार.

माझ्या मते घोळ होतो तो इथेच. लाइनवर गाडी धरत नाही म्हणून मागचा ब्रेक वाढवतात, आणि त्याची किंमत ४०२ मीटर पुढे मोजतात. ट्रान्सब्रेक असेल तर प्रश्नच मिटतो. तो गिअरबॉक्समध्ये पहिला आणि रिव्हर्स एकदम गुंतवून गाडी जागच्या जागी धरतो. मग ब्रेक फक्त थांबण्यासाठी बसवता येतात.

(दृश्य : मागच्या नळीवरचा छोटा नॉब, अगदी जवळून.)

हा नॉब प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हचा. ठरावीक मर्यादेपर्यंत पुढे-मागे ब्रेक ऑइलचा दाब सारखाच असतो. त्यापुढे मागचा दाब हळू चढतो. याला मागचा दाब कमी करता येतो, वाढवता येत नाही. आणि कंपनीचा जुना व्हॉल्व्ह तसाच ठेवून हा बसवला, तर दोघे मिळून मागचा ब्रेक जवळजवळ मारूनच टाकतात.

पण नॉबला हात लावण्याआधी पेडलपासून सुरुवात. जबरदस्त कॅमशाफ्टच्या (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) इंजिनात व्हॅक्यूम पुरेसा नसतो, म्हणून व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर काढून टाकतात. पेडलची तरफ सहापट असेल तर पायाचे ३५ किलो मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या सिलिंडरवर, २१० होतात. सिलिंडर एक इंची असेल तर दर चौरस सेंटिमीटरला ४१ किलो दाब मिळतो. पाऊण इंचापेक्षा थोडा मोठा, सात अष्टमांश इंची लावला तर ५४. पेडल थोडं जास्त खाली जातं, एवढंच. ब्रेकचे पॅड थंड असतानाच पकडणारे हवेत. सर्किट रेसिंगचे महागडे पॅड तापल्यावर चावतात; इथे तापायला वेळ आहे कुठे?

मग नॉब मागचा दाब सर्वांत कमी असेल असा ठेवायचा. मोकळ्या ट्रॅकवर ताशी ५०-६०ला गच्च ब्रेक मारायचा, बाहेर एकाने फक्त चाकांकडे बघत उभं राहायचं. दर वेळी नॉब किंचित फिरवायचा. मागची चाकं पुढच्यांच्या अगदी मागोमाग लॉक व्हायला लागली की थांबायचं आणि अर्धा फेरा परत यायचं. तो अर्धा फेरा शेवटच्या टोकासाठी. तिथे सुरुवातीच्या भागासारखा चिकट लेप नसतो आणि वेग तिप्पट-चौपट असतो.

ड्रॅग शर्यतीतल्या सर्वांत वेगवान, टॉप फ्यूएल वर्गाच्या गाड्यांना मात्र पुढे ब्रेकच नसतात. साडेसात मीटरहून लांब, जमिनीलगत, वजन बहुतेक मागे. भार पुढे जाणार तो किती? शिवाय दोन पॅराशूट. ताशी १५० मैल, म्हणजे २४१ किलोमीटरला पोचणाऱ्या कुठल्याही गाडीला नॅशनल हॉट रॉड असोसिएशन या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमाने पॅराशूट लागतंच.

(दृश्य : ट्रॅकचं दुसरं टोक. कमॅरो थांबलेली. एक जण वाकून डांबर बघतोय.)

पुढच्या चाकांच्या दोन फिकट रेघा. मागच्यांच्या नाहीत. नॉबवर पांढऱ्या रंगाची खूण केली जाते. पुढचे टायर बदलले की ती पुसायची.