दांदोलो घराणं आणि गळ्यातली पुतळी

श्रोतेहो, नमस्कार. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मूळची व्हेनिसची. तिथल्या सोन्याच्या डुकाट नाण्यावर दोन आकृती असत: उभा संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा निवडून आलेला प्रमुख. त्या आकृतींमुळेच आपल्याकडे नाव पडलं पुतळी.

हे नाणं १२८४ साली निघालं, जोवान्नी दांदोलो डोज असताना. दांदोलो घराण्यातून चार डोज झाले. पहिला एन्रिको, ११९२ साली निवडला गेला. म्हातारा, दृष्टी गेलेली, पण हिशेबाला पक्का. १२०१ मध्ये चौथ्या क्रूसेडच्या, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, सरदारांशी त्यानं जहाजांचा करार केला. माणशी २ मार्क चांदी, घोड्यामागे ४. हा मार्क म्हणजे संत नव्हे, सोन्याचांदीच्या वजनाचं जुनं माप. माणसं ३३,५००, घोडे ४,५००. म्हणजे बरोबर ८५,००० मार्क. व्हेनिसनं आपला व्यापार बाजूला ठेवून जहाजं बांधली. फसलं ते माणसांच्या आकड्यात. तो नुसता अंदाज होता, आणि व्हेनिसहूनच निघायचं बंधन कुणावर नव्हतं. कित्येकजण फ्रान्समधल्या मार्सेसारख्या बंदरांतून परस्पर गेले. आले जेमतेम तिसरा हिस्सा, आणि ३४,००० मार्क थकले. एन्रिकोनं वसुली लांबवली, पण बदल्यात एड्रियाटिक किनाऱ्यावरचं झारा शहर या क्रूसेडवाल्यांकरवी जिंकून घेतलं. तेही ख्रिस्ती शहर! पुढे १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटलं गेलं. व्हेनिसच्या सान मार्को चर्चचे ब्राँझचे चार घोडे त्याच लुटीतले. एन्रिको १२०५ मध्ये तिथंच वारला, तिथल्या हागिया सोफिया चर्चमध्ये पुरला गेला. लोक त्याला सेनानी म्हणतात. खरं तर तो जबर सावकार.

जोवान्नीनंतरचा दांदोलो डोज फ्रांचेस्को. त्याच्या काळात, १३३९ मध्ये, जवळचं त्रेविझो शहर व्हेनिसकडे आलं. शेवटचा आंद्रेआ, कायदेपंडित, इटालियन कवी पेत्रार्कचा स्नेही. १३४८ ची प्लेगची साथ त्याच्याच कारकिर्दीत आली. त्यानं लॅटिनमध्ये व्हेनिसचा इतिहास लिहिला, आणि सान मार्कोत पुरलेला तो शेवटचा डोज.

आता पुन्हा पुतळीकडे. एका मार्क सोन्यात ६७ डुकाट पाडायचे, असा ठराव होता. म्हणजे नाणं साधारण साडेतीन ग्रॅमचं, जवळपास शुद्ध सोन्याचं. १७९७ मध्ये प्रजासत्ताक बुडेपर्यंत वजन आणि छाप फारसे बदललेच नाहीत. म्हणून तर मिरीमसाल्याच्या व्यापारात आपल्या किनाऱ्यावरही ते बिनघोर चाललं. मग नकलाही आल्या. घरात जुनी पुतळी असेल तर कडेची लॅटिन अक्षरं भिंगातून पाहा. नक्कल करणाऱ्याला ती वाचता येत नसत. तिथं नुसत्या रेघोट्या आणि ठिपके दिसतात. वजन करताना मात्र डाग दिलेली कडी वजा धरायला विसरू नका.