चहा, दही आणि दोन सम्राट

मंडळी, एका आकाशात दोन सूर्य नसतात, तसे चीनमध्ये दोन सम्राट असू शकत नाहीत, अशी तिथली जुनी धारणा. आणि इ.स. 420 ते 589 अशी तब्बल 169 वर्षं तिथे दोन सम्राट होते. कधी कधी तर तीन!

दक्षिणेची राजधानी चियेनखांग, म्हणजे आजचं नानजिंग. तिथे ओळीनं चार घराणी झाली: सोंग, छी, ल्यांग आणि छेन. (सोंग ऐकून हसलात, हसा. पुढे एक मोठं, प्रसिद्ध सोंग घराणं झालं, ते हे नव्हे.) उत्तरेत तुओबा या शियानबेई टोळीनं वेई राज्य उभं केलं आणि 439 पर्यंत सगळी उत्तर ताब्यात घेतली. घोड्यावर वाढलेली, वेण्या घालणारी माणसं. दक्षिणेचे इतिहासकार त्यांना लिहितात ‘वेणीवाले दास’. उत्तरेचे इतिहासकार दक्षिणेच्या सम्राटांना म्हणतात ‘बेटावरचे रानटी’. गल्लीतल्या भांडणात शोभेल अशी ही भाषा अधिकृत इतिहासग्रंथांत आहे बरं का.

लढाया बाजूला ठेवू. मला सांगायचंय ते ताटातलं आणि कपातलं.

493 साली वांग सू नावाचा दक्षिणेतला खानदानी माणूस उत्तरेत पळून आला. त्याच्या वडिलांना छी सम्राटानं ठार मारलं होतं. उत्तरेत जेवायला मटण आणि प्यायला आंबवलेलं दूध, आपण दही म्हणू. हा गडी दोन्हीला शिवेना. माशाचं कालवण खायचा आणि चहा प्यायचा, तोही इतका की लोकांनी नाव ठेवलं, ‘गळकं भांडं’. काही वर्षांनी दरबारी मेजवानीत हाच वांग सू मटण आणि दही यांवर ताव मारताना दिसला. सम्राटानं विचारलं, काय हो, मटण बरं की मासे? त्यानं दोन्हींना मान दिला: जमिनीवर मटण श्रेष्ठ, पाण्यात मासे. चहा तेवढा कमी पडतो, म्हणाला, तो दह्याचा नोकर. झालं! उत्तरेच्या राजधानीत, लोयांगमध्ये, चहाचं नावच ‘दह्याचा गुलाम’ पडलं. पुढे मेजवानीत चहा मांडत, पण दरबाऱ्यांना तो प्यायची लाज वाटे. लोयांगच्या विहारांवर लिहिणाऱ्या यांग श्वेनझीनं हे नोंदवून ठेवलंय.

आता गंमत पाहा. प्रश्न विचारणारा हा सम्राट श्याओवेन स्वतः काय करत होता? त्यानं राजधानी थंड फिंगचेंगहून लोयांगला आणली, दरबारात शियानबेई पोशाख आणि भाषा बंद केली, 496 मध्ये स्वतःचं तुओबा आडनाव टाकून ‘युआन’ घेतलं. युवराज देहानं स्थूल, लोयांगचा उकाडा त्याला सोसवेना. तो चोरून उत्तरेला पळायच्या बेतात असताना पकडला गेला. बापानं त्याचं युवराजपद काढून घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला मरण दिलं. दही राहिलं, वेणी गेली, पोरगा गेला.

फिंगचेंगजवळ युनगांगची लेणी 460 च्या सुमारास खोदायला लागले. आपल्याकडे वाकाटकांच्या काळात अजिंठ्याच्या डोंगरात छिन्नी चालत होती, साधारण तेव्हाच.

529 मध्ये ल्यांगचा सेनापती छेन छिंगझी सात हजार माणसांनिशी थेट लोयांगमध्ये शिरला. दारू चढल्यावर म्हणाला, खरी गादी आमचीच. उत्तरेच्या एका दरबाऱ्यानं सुनावलं, तुम्ही दलदलीत बेडूक-कासवांबरोबर एका बिळात राहणारे! पुढे लोयांग हातचं गेलं, फौज बुडाली आणि हा डोकं-दाढी भादरून भिक्षूच्या वेशात घरी पोचला. घरी गेल्यावर मात्र सांगू लागला, यांगत्से नदीपलीकडे सगळे रानटी असतील असं वाटलं होतं, पण खरी सभ्यता तर तिकडेच आहे. माझ्या मते त्या 169 वर्षांतलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य.

शेवटी दोघांचंही राज्य गेलं. उत्तरेत वेईची शकलं झाली, त्यांतून सुई घराणं वर आलं आणि 589 मध्ये त्यांच्या फौजा चियेनखांगमध्ये घुसल्या. छेनचा सम्राट विहिरीत लपला होता. दगड टाकतो म्हटल्यावर ओरडला. दोर सोडला, शिपाई ओढतायत, वजन काही झेपेना. वर आले तेव्हा तिघं निघाले: तो आणि दोन राण्या!

पुढे ली दाशी नावाच्या विद्वानाला त्या जुन्या शिव्यांची लाज वाटली. त्याचं अपुरं काम मुलानं, ली यानशौनं, 659 मध्ये पुरं केलं. दोन वेगळे इतिहास, दोन्हींत आपापले सम्राट, सन्मानानं. दक्षिणेला 80 प्रकरणं, उत्तरेला 100. ली मंडळी उत्तरेतली होती.