मलेरियात मेंदू वाचवणाऱ्या पेशी: उंदरांवरचा प्रयोग

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय उंदरांबद्दल, पण काळजी आहे ती मुलांची. २०२३ मध्ये मलेरियाने जगभरात सुमारे ५,९७,००० माणसं दगावली. त्यात सगळ्यात जास्त होती आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. मलेरिया मेंदूत गेला की मूल बेशुद्ध पडतं, झटके येतात. औषध देऊनही अनेक मुलं वाचत नाहीत.

हा आजार अभ्यासायला ‘ब्लॅक सिक्स’ जातीच्या उंदरांना प्लाझ्मोडियम बर्घेई या परजीवीची लागण करतात. पाच दिवस उंदीर बरा दिसतो. मग सहाव्या-सातव्या दिवशी केस पिंजारतात, चालताना तोल जातो, तो कुशीवर कलंडतो, आचके देतो आणि काही तासांत मरतो. त्या वेळी रक्तात परजीवी काही बेसुमार नसतात! मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर फाडतात त्या उंदराच्या स्वतःच्याच सीडी-८ टी पेशी, म्हणजे लागण झालेल्या पेशींना मारणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी. त्या आधीच काढून टाकल्या, तर मेंदू वाचतो.

पण काढून टाकण्याऐवजी त्यांना आवरता येईल का? २०१५ मध्ये ग्लासगोच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना आयएल-३३ नावाचं प्रथिन दिलं. त्याने ‘आयएलसी-२’ या प्रतिकारशक्तीच्याच एका प्रकारच्या पेशी वाढल्या. त्या पेशी काढून त्यांनी लागण झालेल्या दुसऱ्या उंदरांना टोचल्या, आणि त्या उंदरांना मेंदूचा मलेरिया झालाच नाही! या पेशी स्वतः परजीवीशी लढत नाहीत. त्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींना शांत करतात, मग प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात आणि दाह आटोक्यात येतो. आयएल-३३ दिलेल्या उंदरांतून या नियामक पेशी काढल्या, तर संरक्षणही गेलं. मला हा पुरावा सगळ्यात भक्कम वाटतो.

आता सबुरी. मेंदू वाचला म्हणजे परजीवी गेला असं नाही. औषध दिलं नाही, तर असे उंदीर पुढे दोन-तीन आठवड्यांत रक्तक्षयाने मरतात. शिवाय प्रतिकारशक्ती सरसकट दाबणंही महागात पडतं. १९८२ मध्ये थायलंडमधल्या चाचणीत डेक्सामेथासोन हे दाह दाबणारं स्टेरॉइड दिलेले मेंदूच्या मलेरियाचे रुग्ण उलट जास्त वेळ बेशुद्ध राहिले.

तरी उंदरांचं उंदरांपाशी म्हणून हे सोडून देता येणार नाही. आफ्रिकेतल्या मलावी देशात मेंदूच्या मलेरियाने दगावलेल्या मुलांच्या मेंदूतही रक्तवाहिन्यांना चिकटलेल्या सीडी-८ पेशी सापडल्यात, २०२० मध्ये. खरी अडचण वेळेची आहे. उंदरांना आयएल-३३ मिळालं लागणीच्या सुरुवातीलाच. मूल दवाखान्यात येतं ते बेशुद्ध होऊन. म्हणून यापुढचा कुठलाही अभ्यास वाचताना मी आधी हेच बघणार, की उपचार झटके सुरू झाल्यावर दिला का, आणि सोबत आर्टेसुनेट हे परजीवी मारणारं औषध होतं का.