न दुखणारी गाठ

नमस्कार मंडळी, आज जरा लाजेच्या जागेबद्दल बोलणार आहे, घरात आई-आजी ऐकत असतील तर ऐकू द्या, रेडिओ बंद करू नका.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करत होतो तेव्हाची गोष्ट. आंघोळ करताना उजव्या वृषणाला हरभऱ्याएवढं कडक काहीतरी हाताला लागलं. दुखत नव्हतं, म्हणून 3 महिने गप्प बसलो, रूममेटला पण बोललो नाही. मग एका दवाखान्यात इन्फेक्शन समजून गोळ्या दिल्या, त्यात अजून एक महिना गेला. शेवटी सोनोग्राफी केली तेव्हा कळलं, जर्म सेल ट्यूमर.

म्हणजे ज्या पेशींपासून पुढे शुक्राणू किंवा स्त्रीबीज तयार होतं, त्या बीजपेशींचीच गाठ. बाळ पोटात असताना या पेशी प्रवास करत वृषणात नाहीतर अंडाशयात पोचतात, काही वाटेतच राहत असाव्यात असं मानतात, म्हणून ही गाठ कधी छातीत, कधी मेंदूत, तान्ह्या बाळाला तर माकडहाडापाशी पण निघते.

रक्तात या गाठीच्या खुणा म्हणून एएफपी, एलडीएच आणि बीटा एचसीजी हे तीन घटक किती आहेत ते बघतात. प्रेग्नन्सी किटवर ज्याच्यामुळे दुसरी रेघ येते ना, तेच हे एचसीजी. माझं वाढलेलं बघून आई पार गोंधळली होती. वृषणाच्या गाठीत तपासायला तुकडा काढण्यासाठी सहसा सुई घालत नाहीत, जांघेत चिरा देऊन अख्खं वृषणच काढतात. आणि केमोच्या आधी स्पर्म बँकेचं, म्हणजे पुढे मूल व्हावं म्हणून वीर्य साठवून ठेवायचं, विचाराच, बाबा तिथे बाहेर बाकावर बसले होते, दोघांच्याही तोंडून शब्द निघेना, पण नंतर उशीर होऊ शकतो हो.

केमो बीईपी, म्हणजे तीन औषधं एकत्र, दर 21 दिवसांनी, अशा 3 सायकल. त्यातलं सिस्प्लॅटिन किडनीला जड, म्हणून दिवसभर सलाईन, लघवी मापाच्या भांड्यात, आई वहीत आकडे लिहायची. कानात शिट्टी वाजायची, ती अजून थोडी वाजते. पण याच औषधाने आपली पोरं वाचली! 1974 मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते या आजारात वापरलं, त्याआधी आजार पसरला की बहुतेक जण जायचे, आता पसरल्यावरही बहुतेक बरे होतात.

ज्यांचं वृषण लहानपणी खाली उतरलेलं नव्हतं त्यांना धोका जास्त, त्यांनी तर लक्ष ठेवाच. बाकीच्या पोरांनो, गरम पाण्याने आंघोळ झाली की बोटांनी हलकं चाचपून बघा, कडक काही लागलं तर त्याच आठवड्यात युरोलॉजिस्टकडे जा, दुखायची वाट बघू नका.